चिपचा प्रोग्रामर निवडताना : खोक्यावरील यादी की मूळ आज्ञावली?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मायक्रोकंट्रोलर आता चांगलाच रुळला आहे. कुंडीतील माती सुकली की पंप सुरू करणारी यंत्रणा असो, टाकी भरल्यावर वाजणारी घंटा असो की वर्गातील तापमानाची नोंद ठेवणारी पेटी असो, प्रत्येकीच्या पोटात एक छोटी चिप असते आणि त्या चिपमध्ये आज्ञावली भरलेली असते. ही आज्ञावली संगणकातून चिपमध्ये उतरवणाऱ्या उपकरणाला प्रोग्रामर म्हणतात. आज्ञावली रचणाऱ्या माणसालाही हाच शब्द लावतात. या लेखात मात्र तो उपकरणापुरताच घ्यावा.

'आमच्या प्रयोगशाळेसाठी कोणता प्रोग्रामर घ्यावा?' असा प्रश्न शिक्षक आम्हाला अनेकदा विचारतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत काय, दुकानदार या प्रश्नाचे उत्तर दोन गोष्टींवरून देतो : किंमत आणि खोक्यावर छापलेली चिपांची यादी. यादी जितकी लांब तितके उपकरण चांगले, असा साधा हिशेब असतो. आम्हाला तो मान्य नाही. शिकण्या-शिकवण्यासाठी प्रोग्रामर घ्यायचा असेल तर त्याची मूळ आज्ञावली, म्हणजे ज्याला सोर्स कोड म्हणतात ती, वाचायला मिळते का आणि मिळत असल्यास ती काय सांगते, ही पहिली कसोटी असली पाहिजे. ही कसोटी प्रत्यक्षात कशी लावायची हे दाखवण्यासाठी एव्हीआर कुळातील चिपांसाठी सर्रास वापरले जाणारे दोन प्रोग्रामर आम्ही येथे तपासले आहेत. पहिला यूएसबीएएसपी आणि दुसरा अर्डुइनो-आयएसपी. दोघांचीही मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे, आणि दोघांतही दोष आहेत. ते दोष आपल्याला दिसू शकतात, हीच त्यांची जमेची बाजू.

प्रोग्रामर नेमके काय करतो?

एव्हीआर चिपा मूळच्या ॲटमेल कंपनीच्या. २०१६ साली ही कंपनी मायक्रोचिपने विकत घेतली. ॲटमेगा-८ किंवा अर्डुइनो उनोवरची ॲटमेगा-३२८पी ही या कुळातील परिचित उदाहरणे. अशी चिप लिहायची तर तिचा रीसेटचा पाय शून्य व्होल्टवर धरून ठेवायचा आणि तीन तारांतून तिच्याशी बोलायचे. एका तारेतून माहिती आत जाते, दुसरीतून बाहेर येते आणि तिसरीवर घड्याळाचे ठोके पडतात. प्रत्येक आज्ञा चार बाईटची असते.

या संभाषणात चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे हाक. सोळाच्या पायावरील अंकलेखनात 'एसी, ५३, ००, ००' हे चार बाईट पाठवले की चिप लिहून घ्यायला तयार होते. तिसरा बाईट जात असतानाच चिपने '५३' हा आकडा परत पाठवायचा असतो. हजेरीच्या वेळी नाव पुकारल्यावर मुलाने 'हजर' म्हणावे, तसेच हे. दुसरी गोष्ट ओळख. प्रत्येक प्रकारच्या चिपमध्ये तीन बाईटची सही असते. ॲटमेगा-८ची सही '१ई, ९३, ०७' अशी आहे. त्यातील १ई म्हणजे ॲटमेल, ९३ म्हणजे ८ किलोबाईट फ्लॅश स्मृती आणि ०७ म्हणजे त्या गटातील ही विशिष्ट चिप.

तिसरी गोष्ट वेग. चिपचे स्वतःचे घड्याळ ज्या वेगाने चालते त्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा कमी वेगानेच तिच्याशी बोलावे लागते. नवी कोरी ॲटमेगा-८ कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर चालणारी येते. म्हणजे तिच्यासाठी मर्यादा २५० किलोहर्ट्झची. चौथी गोष्ट थांबणे. फ्लॅशचे एक पान लिहिले की ॲटमेगा-८ला ४.५ मिलिसेकंद आणि ईईप्रॉममधील एक बाईट लिहिला की ९ मिलिसेकंद उसंत द्यावी लागते. तेवढा वेळ न देता पुढची आज्ञा पाठवली तर लिहिलेले बिघडते.

हे सारे चिपच्या माहितीपत्रकात छापलेले असते. म्हणून प्रोग्रामरची परीक्षा घेणे वाटते तितके अवघड नाही. हाक, ओळख, वेग आणि थांबणे या चार गोष्टी त्याच्या मूळ आज्ञावलीत कशा हाताळल्या आहेत, एवढे पाहायचे.

यूएसबीएएसपी : हुशार, पण नवख्याला चकवणारा

जर्मनीतील थॉमस फिशल यांनी तयार केलेला हा प्रोग्रामर म्हणजे स्वतःच एक ॲटमेगा-८, १२ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील असे इतर घटक. आराखडा आणि आज्ञावली दोन्ही प्रसिद्ध असल्यामुळे त्याच्या नकला बाजारात स्वस्तात मिळतात.

त्यातील सर्वांत देखणा भाग यूएसबीचा आहे. ॲटमेगा-८मध्ये यूएसबीसाठी वेगळे मंडल नाही. ऑस्ट्रियातील ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या संस्थेने व्ही-यूएसबी नावाची आज्ञावली लिहून ते काम निव्वळ आज्ञांच्या बळावर करून दाखवले, आणि फिशल यांनी तिचा वापर केला. मंदगती यूएसबीवर सेकंदाला १५ लाख बिट येतात. १२ मेगाहर्ट्झला भाग दिला तर एका बिटच्या वाट्याला घड्याळाचे फक्त ८ ठोके येतात. तेवढ्या ८ ठोक्यांत तारेवरची पातळी पाहायची, बिट साठवायचा आणि पुढच्या बिटसाठी सज्ज व्हायचे. बारावीच्या विद्यार्थ्याला संगणकाच्या आतील वेळेचे भान आणून द्यायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आता चार कसोट्या. हाकेच्या बाबतीत ही आज्ञावली काटेकोर आहे. ती '५३' परत आले का ते तपासते. न आल्यास पुन्हा हाक मारते. असे जास्तीत जास्त ३२ प्रयत्न होतात आणि तरीही उत्तर नसेल तर 'चिप उत्तर देत नाही' असा स्पष्ट निरोप संगणकाला मिळतो. थांबण्याच्या बाबतीतही विचार केलेला दिसतो. पान लिहिल्यावर ते वाचून पाहिले जाते आणि लिहिणे पूर्ण झाले की लगेच पुढे जाता येते. लिहायचा बाईटच 'एफएफ' असेल तर वाचून काही कळत नाही, कारण कोरी स्मृतीही 'एफएफ'च दाखवते. त्या वेळी ४.८ मिलिसेकंद थांबले जाते. माहितीपत्रकातील ४.५ हा आकडा येथे सरळ ओळखू येतो.

दोष आहे तो वेगात. यूएसबीएएसपीचा नेहमीचा वेग ३७५ किलोहर्ट्झ आहे. कोऱ्या चिपची मर्यादा २५० किलोहर्ट्झ असल्याचे आपण वर पाहिले. म्हणजे दुकानातून आणलेली नवी चिप आणि नवा प्रोग्रामर एकमेकांना जोडले की चिप उत्तरच देत नाही! विद्यार्थी चिप खराब म्हणून बाजूला टाकतो, शिक्षक तारा तपासत बसतात आणि प्रकल्पाचा एक आठवडा वाया जातो. मूळ आराखड्यात वेग ८ किलोहर्ट्झपर्यंत उतरवण्यासाठी एक जम्पर दिलेला आहे, पण पुष्कळ नकलांवर त्या जागी नुसती भोके असतात. नंतरच्या फर्मवेअरमध्ये संगणकावरूनही वेग बदलता येतो, पण अनेक नकलांमध्ये जुनेच फर्मवेअर भरलेले असते. अशा नकलेला वेग कमी करायला सांगितले की 'वेग बदलता येत नाही, फर्मवेअर नवे घ्या' अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. मूळ आज्ञावली पाहिलेल्याला या सूचनेचा अर्थ क्षणात कळतो. न पाहिलेल्याला ती गूढच राहते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. आज्ञावली खुली आहे, याचा अर्थ हातातील उपकरणात तीच आहे असा होत नाही. खोक्यावर नाव तेच असते, आत काय आहे ते विकणाराही सांगू शकत नाही. दुसरा मुद्दा व्होल्टेजचा. बऱ्याच नकलांवर ५ आणि ३.३ व्होल्ट असा जम्पर असतो. त्याने चिपला मिळणारा पुरवठा बदलतो, पण संदेशांच्या तारांवर ५ व्होल्टच राहतात. ३.३ व्होल्टवर चालणारा संवेदक त्याच तारांवर जोडलेला असेल तर तो दगावू शकतो.

अर्डुइनो-आयएसपी : साधा, पण सैल

दुसरा प्रोग्रामर विकत आणावा लागत नाही. अर्डुइनोच्या संगणकीय सोयीतच 'अर्डुइनो-आयएसपी' नावाचे तयार उदाहरण असते. ते उनो पाटीवर चढवले की पाटीच प्रोग्रामर होते. २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब ज्या शाळांत आहेत, तेथे अशा पाट्या बहुधा कपाटात असतातच. पाटीवरील १० क्रमांकाचा पाय चिपच्या रीसेटला आणि ११, १२, १३ हे तीन पाय संभाषणाच्या तारांना जोडायचे. उदाहरण चढवून झाल्यावर उनोच्या रीसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा धारित्र लावावा, म्हणजे संगणकाने संपर्क साधताच पाटी स्वतःच रीसेट होणार नाही.

मूळ आज्ञावली काहीशे ओळींच्या एकाच फाईलमध्ये आहे. वेगाच्या कसोटीवर ती उत्तम उतरते. वेगाची मर्यादा १० लाख भागिले ६, म्हणजे सुमारे १६७ किलोहर्ट्झ अशी ठेवली आहे आणि १ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपलाही झेपावे म्हणून हा आकडा निवडला, असे शेजारी नमूदही केले आहे. यूएसबीएएसपी जेथे अडखळतो तेथे हा साधा प्रोग्रामर सहज निभावून नेतो.

हाकेच्या बाबतीत मात्र तो निष्काळजी आहे. 'एसी, ५३, ००, ००' पाठवले जातात, पण उत्तरात '५३' आले की नाही हे पाहिलेच जात नाही. हजेरीपत्रक वाचायचे, पण मान वर करून वर्गाकडे बघायचे नाही, असा हा प्रकार. परिणाम असा की चिप जोडलेली नसली तरी प्रोग्रामर 'तयार' म्हणतो. चूक उघड होते ती पुढे, सही वाचताना. तेव्हा तीन शून्ये किंवा तीन 'एफएफ' येतात आणि संगणक 'सही जुळत नाही' अशी तक्रार करतो. विद्यार्थ्याला वाटते की चिप वेगळ्या जातीची निघाली. खरे तर तार सुटलेली असते.

थांबण्याच्या कसोटीवर तर मासलेवाईक प्रकार आढळतो. पान लिहिल्यावर ३० मिलिसेकंद थांबण्याची सोय आहे, पण ती दिवा लुकलुकवण्याच्या अटीत गुंतवलेली आहे. 'प्रोग-फ्लिकर' हा पर्याय चालू असेल तर दिवा विझतो, ३० मिलिसेकंद जातात, दिवा पुन्हा लागतो. एखाद्याने 'दिवा कशाला हवा?' म्हणून तो पर्याय बंद केला तर दिव्याबरोबर थांबणेही नाहीसे होते, आणि चिपला लागणाऱ्या ४.५ मिलिसेकंदांची हमी उरत नाही. शोभेसाठी लावलेल्या खिळ्यावर घराचा वासा टेकवावा, तशी ही रचना आहे. ईईप्रॉमच्या बाबतीत उलट टोक आहे. प्रत्येक बाईटनंतर सरसकट ४५ मिलिसेकंद थांबले जाते. ॲटमेगा-८ची ५१२ बाईटची ईईप्रॉम भरायला त्यामुळे केवळ थांबण्यातच २३ सेकंद जातात. माहितीपत्रकातील ९ मिलिसेकंदांच्या हिशेबाने हे काम पाच सेकंदांत व्हायला हवे.

अभियंत्याच्या दृष्टीने हे दोष आहेत. शिक्षकाच्या दृष्टीने ते तयार प्रश्नपत्रिकेतील उत्तम प्रश्न आहेत. दोष सुधारायला दोन-चार ओळी पुरतात आणि सुधारणा योग्य झाली की नाही हे लगेच करून पाहता येते.

बंद खोके आणि बदलणारा संगणक

कोणी म्हणेल, हे दोष शोधत बसण्यापेक्षा नामांकित कंपनीचे बंद खोके का आणू नये? ते आणल्यास अनेकदा काम अधिक सुरळीत होते, हे आम्ही नाकारत नाही. प्रश्न आहे तो काही वर्षांनंतरचा.

चिपची भाषा बदलत नाही. ॲटमेगा-८ आजही '५३' म्हणूनच हजेरी देते. बदलतो तो संगणक. एके काळी छपाईयंत्राच्या समांतर पोर्टला जोडायची एक तार आणि एक-दोन घटक एवढाच प्रोग्रामर असे. विंडोज एनटी आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांनी साध्या आज्ञावलीला पोर्टशी थेट बोलू देणे बंद केले आणि पुढे ते पोर्टच संगणकावरून गेले. यूएसबीवरची खोकीही ड्रायव्हरवर अवलंबून असतात. नव्या विंडोजसाठी कंपनीने ड्रायव्हर काढला नाही तर धडधाकट खोके कपाटात जाऊन बसते. मोठ्या शहरातील महाविद्यालय दुसरे आणते. तालुक्याच्या शाळेत पुढचे अनुदान येईपर्यंत मायक्रोकंट्रोलरचा तास बंद पडतो. आमच्या मते निवडीत पणाला लागते ते हेच.

मूळ आज्ञावली उपलब्ध असेल तर ही अडचण बाहेरचे लोक सोडवू शकतात. एव्हीआर-डूड ही संगणकाच्या बाजूची आज्ञावली ब्रायन डीन यांनी सुरू केली. विशीहून अधिक वर्षे वेगवेगळ्या लोकांनी ती सांभाळली आणि २०२२ साली तिची सातवी आवृत्ती आली. समांतर पोर्टची तार, यूएसबीएएसपी, अर्डुइनो-आयएसपी हे सारे तिच्यात साध्या मजकुराच्या एका फाईलमधील नोंदी आहेत. पिक चिपांच्या बाबतीतही असेच घडले. पिककिट-२ या प्रोग्रामरची मूळ आज्ञावली मायक्रोचिपने स्वतः प्रसिद्ध केली होती. कंपनीने त्याला नव्या चिपा जोडणे थांबवल्यावर हौशी लोकांनी ते काम पुढे चालू ठेवले.

यादीत नसलेल्या चिपचेही तसेच. आपल्याकडे पॉलिटेक्निकमध्ये ८०५१ शिकवतात; त्या कुळातील एटी८९एस५२ ही चिपही 'एसी, ५३' याच हाकेने जागी होते. फरक इतकाच की तिचा रीसेट शून्यावर नव्हे तर ५ व्होल्टवर धरायचा, ती '५३'ऐवजी '६९' असे उत्तर देते आणि वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञा थोड्या वेगळ्या आहेत. खोक्यावर ती चिप नसेल तर बंद प्रोग्रामरपुढे उपाय नाही. खुल्या प्रोग्रामरपुढे माहितीपत्रक घेऊन बसलेला विद्यार्थी हा बदल करू शकतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. शिक्षकांनी अभ्यासक्रम सांभाळून आज्ञावल्या कधी वाचायच्या? पण सारी आज्ञावली वाचायची नाहीच. हाक कोठे मारली आहे, उत्तर तपासले आहे का, वेग किती आहे आणि थांबणे कोठे आहे, एवढ्या चार जागा शोधायच्या. सी भाषेची तोंडओळख असलेल्या विद्यार्थ्यांच्या गटाला अर्डुइनो-आयएसपीसाठी दोन दुपारी पुरतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता प्रोग्रामर लागतोच कोठे? अर्डुइनो उनोमध्ये बूटलोडर असतो. ईएसपी-३२ आणि रास्पबेरी पाय पिको थेट यूएसबी तारेने भरता येतात. हे खरे आहे. शाळेचे प्रकल्प अशा पाट्यांवरच थांबणार असतील तर प्रोग्रामरवर एक रुपयाही खर्च करू नये. परंतु पाटीऐवजी सुटी चिप वापरून प्रकल्प पुरा करायचा असेल, किंवा जळलेल्या उनोवर कोरी चिप बसवून तिच्यात बूटलोडर भरायचा असेल, तर प्रोग्रामरला पर्याय नाही. नव्या एव्हीआर चिपा यूपीडीआय या एकाच तारेच्या पद्धतीने लिहिल्या जातात आणि त्यांना वरील दोन्ही प्रोग्रामर चालत नाहीत, हेही चिप घेण्यापूर्वी पाहावे. त्यांच्यासाठी साधे यूएसबी-सिरियल जोडणीयंत्र, एखादा रोधक आणि एव्हीआर-डूडची नवी आवृत्ती एवढे पुरते.

मग घ्यावे काय?

आमचा सल्ला असा. सुरुवात अर्डुइनो-आयएसपीने करावी, कारण तो हाताशी आहे, वाचायला सोपा आहे आणि कोऱ्या चिपशी जमवून घेतो. रोजच्या वापरासाठी यूएसबीएएसपी घ्यावा किंवा विद्यार्थ्यांकडून बनवून घ्यावा. तो बनवताना एक गंमतीदार पेच येतो. प्रोग्रामरच्या पोटातील चिप लिहायला आधी दुसरा प्रोग्रामर लागतो! उनो तो पेच सोडवते. बाजारातील नकलेत जुने फर्मवेअर निघाले तर तेही उनोनेच बदलता येते. एक बिघडला तर दुसऱ्याने त्याला पुन्हा लिहावे, अशी ही जोडी शाळेला पुष्कळ वर्षे पुरेल.

ही जोडी हाती आली की वर्गात तीन प्रयोग जरूर करावेत. एक, चिपची सही वाचावी आणि माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. दोन, चिपकडून बाहेर येणारी तार मुद्दाम काढावी आणि दोन्ही प्रोग्रामर काय तक्रार करतात ते लिहून घेऊन तक्रारी वेगळ्या का, हे मूळ आज्ञावलीत शोधावे. तीन, दिव्याच्या अटीत अडकलेले थांबणे मोकळे करून अर्डुइनो-आयएसपी सुधारावा. या प्रयोगांत आलेल्या अडचणी आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या सुधारणा वाचकांनी मासिकाकडे अवश्य कळवाव्यात.